राखेच्या पुलावरचा नवरदेव

हिवरधऱ्याच्या नाल्यावरच्या पुलाला काही माणसांचा संशय येतो आणि अशा माणसाच्या पायाखाली तो मऊ पडतो. ट्रक, बैलगाड्या आणि म्हशींबद्दल त्याची काही तक्रार नाही.

हा पूल बांधताना सिमेंटचा बराच हिस्सा वगळून त्या जागी वीज केंद्रातली कोळशाची राख घातली होती. त्यात गैर काहीच नव्हतं. राखेचं काँक्रीट आधी सावकाश घट्ट होतं, पण पुढे साध्या काँक्रीटला मागे टाकतं, हे बांधकाम विभागाच्या निखाडे मॅडमनी गावाला समजावलं होतं. पूल मऊ पडायला लागल्यावर त्या पुन्हा आल्या. नमुने काढून तपासले, ते सगळे पक्के निघाले. मग त्यांनी आपलं मत दिलं. या राखेला आजवर कुणी आपलं म्हटलं नव्हतं. केंद्र म्हणे हा कचरा आहे, गाव म्हणे ही केंद्राची आहे. केंद्रामागच्या राखेच्या तळ्यात पडून पडून तिचा माणसांवरचा विश्वास उडाला असेल, तर त्याला बांधकामातला दोष म्हणता येणार नाही.

गावाने ते मान्य केलं. फक्त पुलाच्या टोकाशी माणसं रेंगाळू लागली. येणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघू लागली. पोस्टमन घोट्यापर्यंत रुतला, तेव्हापासून लोक पाकिटं उन्हात धरून तपासायचे. एका बाईंच्या चपलेचा नुसता ठसा उमटला, तर शेजारणीने त्यांच्याकडचं विरजण बंद केलं. पूल कारण कधी सांगत नसे, त्यामुळे कारण ज्याचं त्याला शोधावं लागे.

वामनराव हिंगव्यांची तेलघाणी नाल्यापलीकडे होती. ते रोज टाचा आपटत पुलावरून जात आणि त्यांच्या पायाखाली पूल दगडासारखा राही. याचा त्यांना अभिमान होता. त्यांच्या मुलीचं, प्रणिताचं, लग्न ठरलं तेव्हा मुलाची चौकशी त्यांनी चार गावांत केली, आणि तरी म्हणाले, पुलावरून येऊ दे, मग बघू.

नवरदेव चेतन भोयर वरातीसोबत आला. पुलाच्या मध्यावर तो गुडघ्यापर्यंत रुतला.

वाजंत्री थांबली. वऱ्हाड त्याच्या दोन्ही बाजूंनी कोरड्या पायांनी पलीकडे पोचलं होतं, हे आणखी वाईट झालं. चेतन सिमेंट विकायचा, म्हणून राखेचा त्याच्यावर राग असेल, असं त्याचे काका म्हणाले. पण निखाडे मॅडम लग्नाला आल्या होत्या. सिमेंटचा घाऊक व्यापारी कालच न रुतता चालत गेला, असं त्यांनी सांगितलं. वामनरावांनी एवढं ऐकून आचाऱ्याला चूल विझवायला सांगितलं.

मॅडमना वेगळीच काळजी होती. इतक्या खोलवर कुणी इतका वेळ थांबलं नव्हतं. काँक्रीट पुन्हा घट्ट होऊ लागलं होतं. अंधार पडेपर्यंत मुलगा निघाला नाही, तर पूल फोडावा लागेल, आणि पायांची हमी त्या देऊ शकत नव्हत्या. यावर एकच उपाय आजवर चालला होता. पुलाचा ज्याच्यावर भरवसा आहे अशा गावातल्या माणसाने रुतलेल्याला पाठीवर घ्यायचं. पूल मग त्याला सोडत असे.

घाणीवरचे दोघे गडी पुढे झाले. शालू सावरत आलेल्या प्रणिताने त्यांना अडवलं आणि ती वडिलांसमोर उभी राहिली.

"तुम्हीच आणा, बाबा. दुसऱ्या कोणी आणलं, तर तुम्ही जन्मभर विचारत राहाल."

"त्यानं काय केलं ते तुले माहीत हाय काय?"

"नाही," ती म्हणाली. "मी पण विचारणार आहे. पण तो बाहेर आल्यावर."

 वामनराव जोडे काढून पुलावर गेले आणि चेतनसमोर पाठ करून वाकले. चेतनने त्यांच्या गळ्याभोवती हात टाकले. पूल जरा कुरकुरला आणि त्याने पाय सोडले. मुंडावळ्या वामनरावांच्या कानावर लोंबत होत्या. ते चालू लागले.

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "खरं सांग. काय केलं तू?"

चेतन रडवेला झाला होता. "मघापासून तेच आठवून राहिलो, मामाजी. लहानपणापासूनचं सगळं आठवून पाहिलं. पाय रुतावेत असं एकही सापडत नाही." मग त्याने सहजच विचारलं, "तुमच्या ध्यानात येते का काही? तुमचं स्वतःचं?"

वामनरावांनी त्याला पाठीवर जरा वर सरकवलं. त्यांचं पुढचं पाऊल घोट्यापर्यंत आत गेलं.

काठावरच्या सगळ्यांनी ते पाहिलं. वामनरावांनी पाय उपसला, दुसरा टाकला, तोही गेला. जावयाला त्यांनी खाली ठेवलं नाही. उरलेला पूल ते तसेच, भातलावणीत चालावं तसे, चालले. काठावर पोचल्यावर चेतनला उतरवलं आणि आचाऱ्याला चूल पेटवायला सांगितलं. लग्न उशिरा लागलं. मंगलाष्टकं चालू असताना वामनरावांच्या घोट्यांवरची राख वाळून पांढरी पडली होती आणि पाहुणे अक्षता टाकता टाकता तिकडेच बघत होते.

त्यांना कुणी काही विचारलं नाही. प्रणितानेही नाही, पण माहेरी आली की ती त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघते. वामनराव अजूनही रोज घाणीवर जातात, पण आता हळू चालतात. ग्रामपंचायतीने पुलाच्या दोन्ही टोकांना पाय धुवायला नळ बसवून दिले आहेत. सकाळी तिथे राखेने भरलेल्या पायांची रांग असते.