यमुनाक्कांचं अनवाणी मैदान

यमुनाक्का माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी तळवे बघतात. पहिल्या भेटीत त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी लेकीला शोधत मैदानाच्या फाटकाशी गेले होते, तर तिथल्या दगडी बाकावर बसलेल्या एका काटकुळ्या बाईंनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, "पाय दाखव." मी पाऊल पुढे केलं. "वरनं नव्हे गं, खालनं." नाल ठोकायला घोडा उभा करतात तशी मी फाटकाचा गज धरून एका पायावर उभी राहिले. अक्कांनी चष्मा वर सरकवून माझा तळवा नीट पाहिला आणि निकाल दिला, "मऊ आहे. मातीत कधी चालली नाहीस. पण पुरळ नाही. आयतु, जा." आयतु म्हणजे कन्नडमध्ये झालं, ठीक आहे. लग्नाच्या वेळी सासरच्यांनी मला बघितलं तेव्हासुद्धा एवढी तपासणी झाली नव्हती.

म्हैसूरला नजरबादच्या पलीकडे, चामुंडीच्या टेकडीच्या बाजूला आमची वसाहत आहे. इथे तिला लेआउट म्हणतात. आम्ही नवऱ्याच्या नोकरीपायी साताऱ्याहून इकडे आलो आणि आमच्यासारखी बरीच मराठी घरं इथे आहेत. अक्का मात्र मूळच्या इथल्याच. त्यांचे पूर्वज कधी काळी महाराष्ट्रातून आले, अग्रहार या शहराच्या जुन्या भागात शिवणकाम करू लागले आणि तिथलेच झाले. दुकान आता भाचा चालवतो. सगळं घराणं सुईदोऱ्याला चिकटून बसलं, एकट्या अक्का पळत सुटल्या. मुलींच्या शाळेत त्या खेळाच्या बाई होत्या आणि जन्मभर त्यांनी खो-खो शिकवला. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "वेळ नाही झाला बा" म्हणतात, जणू काही हुणसूरची बस चुकली.

त्यांच्या घराण्यातल्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात आणि वाक्य मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवतात. माझी लेक इरा आता घरात तसंच बोलते. परवा तिने आजीला साताऱ्याला फोनवर सांगितलं, "मी सुम्ने बसलो आहे." सुम्ने म्हणजे उगीच, काही कारण नसताना. आजीला शब्दापेक्षा नातीचा नातू कधी झाला याचीच काळजी लागली.

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी अक्कांच्या गळ्यात शिट्टी असते. अग्रहारातल्या एका लग्नात जेवणाच्या रांगेत कोणी मध्येच घुसलं, तेव्हा अक्कांनी ती इतक्या जोरात फुंकली की भटजींचे मंत्र थांबले आणि नवरदेव आपोआप सावधानमध्ये उभा राहिला. माणसांचे प्रकारही त्यांनी खो-खोवरून पाडले आहेत. माझ्या नवऱ्याला, सुहासला, त्या 'खो मिळायच्या आधी उठणारा' म्हणतात. सुहासला हे लागतं, कारण ते खरं आहे.

सुहास आमच्या रहिवासी संघाचा सचिव आहे. त्याला सगळं चकाचक लागतं. आमच्या घरात चपला उंचीप्रमाणे लावलेल्या असतात. असा माणूस सचिव झाल्यावर त्याची नजर मैदानावर जाणारच होती आणि मैदान म्हणजे रोज संध्याकाळी पाचला तिथे पोरांना खो-खो खेळवणाऱ्या अक्कांचं राज्य. तिथे त्यांचा एकच कायदा आहे, "आधी पायताण काढ, मग मैदानाचं बोल." ज्याचा पाय मातीला लागलेला नाही त्याला मैदानाबद्दल मत नाही. महानगरपालिकेचा एक अभियंता दिव्याच्या खांबाची जागा बघायला आला होता, त्यालाही त्यांनी बूट-मोजे काढायला लावले. तो बिचारा पँट वर धरून, बगळ्यासारखा पाय टाकत सगळं मैदान फिरला. खांब शेवटी अक्का म्हणाल्या तिथेच लागला.

कोणतीही पावडर, कोणताही फवारा त्यांना चालत नाही. खो-खोच्या दोन खांबांमधल्या पट्ट्याशेजारी लाल मुंग्यांनी घर केलं आणि एका सकाळी व्यायाम करताना त्या सुहासला चावल्या. संध्याकाळी तो मुंग्यांची पावडर घेऊन गेला. अक्कांनी ती हातातून काढून घेतली, दोन्ही खांब उपटवले आणि अख्खं क्रीडांगण बाजूला सरकवून पुन्हा आखलं. मुंग्यांना का नाही हलवायचं, असं सुहासने विचारलं. तेव्हा अक्का म्हणाल्या की मुंग्या इथे पूर्वीपासून आहेत, तुम्ही दोन हजार सालानंतर आलात. सुहास घरी येऊन बराच वेळ तळपायाला मलम चोळत बसला होता.

खरी लढाई गेल्या वर्षी पावसाळ्यात झाली. मैदानाच्या कडेने काँग्रेस गवत कमरेएवढं वाढलं. कोणाला तरी त्यात साप दिसला, निदान सापासारखं काहीतरी दिसलं. गौरी-गणपतीत मैदानावर मुलांच्या स्पर्धा असतात, म्हणून संघाने ठरवलं की त्याआधी सगळीकडे तणनाशक मारायचं आणि त्याच फटक्यात मुंग्या-किड्यांचं औषधही. सुहासने पंपवाला ठरवला आणि फाटकावर लावायला पाटीही रंगवून घेतली. 'फवारणी झाली आहे. चार दिवस मैदानात प्रवेश नाही.' मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही भाषांत, एका मापाची अक्षरं.

अक्का घरोघर फिरल्या. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. आमची मुलं अनवाणी खेळतात. खो-खोत बसलेला गडी दोन्ही हात जमिनीला टेकून बसतो. खेळ संपला की तीच मुलं, त्याच हातांनी, फाटकाबाहेर चुरमुरी, म्हणजे इथली भेळ, खातात. तुम्ही जमिनीवर जे मारणार ते कुठे जाणार? लोक ऐकून घेत, कॉफी देत आणि "बघू या अक्का" म्हणत. सुहासने त्यांना डब्यावरचं वाचून दाखवलं की वाळल्यावर काही धोका नाही. अक्का म्हणाल्या, मग वाळल्यावर तिथे मांडी घालून बस आणि मातीत हात टेकून त्याच हाताने दहीभात खा, मी वाढतो. सुहासने विषय बदलला. मला हसू आलं ते त्याने पाहिलं आणि त्या रात्री दहीभात त्याने आपला आपण वाढून घेतला.

शेवटी संघाची बैठक बोलावली. अक्कांच्या हट्टामुळे ती मैदानावर, अनवाणी भरली. अध्यक्ष नंजुंडप्पा म्हणजे भारदस्त निवृत्त गृहस्थ, तेही धोतर सावरत खड्यांवरून आले. अक्कांनी पुन्हा तळव्यांचं सांगितलं, हातांचं सांगितलं. लोक ओल्या गवतात पाय बदलत उभे होते आणि घड्याळं बघत होते. हात वर करून मत घ्यायची वेळ आली, तेव्हा अक्का शांतपणे म्हणाल्या, "आयतु, मारा. यंदा गणपतीला विषाची जुडी वाहा."

त्याचं असं आहे की मैदानाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात दूर्वा माजतात. बाजारातल्या जुड्या अर्ध्या सुकलेल्या असतात, म्हणून लेआउटातल्या सगळ्या घरांच्या दूर्वा त्याच कोपऱ्यातून जातात, मराठींच्या आणि कन्नडिगांच्याही. लोकांचं घड्याळ बघणं थांबलं. नंजुंडप्पांनी हात जोडून टेकडीच्या दिशेने नमस्कार केला आणि फवारणी रद्द झाली असं जाहीर केलं. कोणी विरोध केला नाही. पोरांच्या तळव्यांनी जे महिनाभर झालं नाही ते देवाच्या दूर्वांनी चुटकीसरशी झालं. मला याचा रागच आला होता. मी अक्कांना तसं म्हटलं, तर त्या एवढंच म्हणाल्या की गडी बाद झाल्याशी कारण, पाठलाग कुठून केला ते कोण बघतं.

अट मात्र पडली की गवत हाताने उपटून गणपतीच्या आत मैदान साफ व्हायला हवं. सुहासने ते मनावर घेतलं. रविवारी श्रमदान ठरलं. हातमोजे आले, टोप्या आल्या, इडली-वडा आला, फोटो तर किती निघाले याला सुमार नाही. बायकांनी कडेचं काँग्रेस गवत घेतलं. पुरुषमंडळींना अक्कांनी मधला पट्टा दिला होता, पण तो लवकर आटपला आणि उत्साह उरला. तेव्हा सुहासच्या नेतृत्वाखाली सगळे पूर्वेच्या कोपऱ्यात गेले आणि तिथलं 'माजलेलं जंगली गवत' त्यांनी मुळासकट उपटून काढलं. इतकं स्वच्छ की तिथे शेणाने सारवता आलं असतं. सुहासने मला अभिमानाने बोलावून दाखवलं. मी त्या ढिगाकडे बघतच राहिले.

ज्यांच्यासाठी मैदान वाचलं त्या दूर्वा गाडीत भरून कचऱ्याला निघाल्या होत्या. आमच्या पुरुषांनी जन्मात दूर्वा पाहिल्या त्या दोऱ्याने बांधलेल्या, तबकात ठेवलेल्या. मोकळ्या वाढलेल्या ओळखणार कशा? मला वाटलं, आता अक्का शिट्टीने मैदान डोक्यावर घेणार. पण त्या बाकावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग सुहासला जवळ बोलावून त्यांनी समजूत घातली, "असू दे बा. दूर्वा आहे ती, मरत नाही. पुढच्या वर्षी परत येते, बघ." त्या गणपतीला आम्ही सगळ्यांनी बाजारातून सुकलेल्या जुड्या आणल्या. मुलांच्या स्पर्धा अनवाणी झाल्या आणि इराचा संघ हरला.

पुढे काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. पुढच्या रविवारी निम्मे लोक आले, त्याच्या पुढच्या रविवारी पाऊस पडेल असं सगळ्यांना वाटलं. गवत पुन्हा डोकं काढू लागलं आणि अक्का एकट्या खुरपं घेऊन बसू लागल्या. मी म्हटलं, अक्का, या वयात कशाला, दोन माणसं लावू. तर म्हणाल्या की माणसांना वेळेचं गणित असतं, मला नाही.

दसरा होऊन गेल्यावर एकदा दिवसभर धो-धो पाऊस पडला. मैदानाचं तळं झालं, खेळ बंद. संध्याकाळी मी अक्कांचा डबा परत द्यायला त्यांच्या घरी गेले. जिना चढून वरच्या दोन खोल्या, तिथे त्या एकट्या राहतात. अक्का पाटावर बसल्या होत्या आणि समोर शेगडीवर मोठं पातेलं होतं. झाकण काढलेलं होतं, वर खोबरं-कोथिंबीर. अवलक्की, म्हणजे आपले पोहे. एखाद्या बारशाला पुरतील एवढे.

कोणी येणार आहे का, असं मी विचारलं.

"कोण येतं? सुम्ने केलं."

एवढे पोहे सुम्ने कोण करतं? मी डबा बाजूला ठेवून खाली टेकले. त्या आपण होऊन बोलू लागल्या. पाऊस लागला आणि मैदान बंद झालं की त्या असं काहीतरी करून ठेवतात. पोरं येतील असं कोणी सांगितलेलं नसतं. आली तर असावं म्हणून करायचं. आजवर कोणी आलं नाही. मग तेच रात्री खायचं, तेच सकाळी खायचं.

"सकाळ जाते गं," अक्का म्हणाल्या. "दुपारही जाते. पाच वाजले की घर खायला उठतं. औषध वाईट, ते खरंच. पोरांच्या अंगाला लागू नये, तेही खरंच. पण तुझ्या नवऱ्याने ती पाटी रंगवली ना, चार दिवस प्रवेश नाही म्हणून, ती तुमच्या घरात मी तिन्ही भाषांत वाचली. चार दिवस मी कुठे जाऊ?"

मला फार वाईट वाटलं. ती पाटी आमच्या हॉलमध्ये वाळत होती तेव्हा मीच तिची अक्षरं छान आली आहेत असं म्हटलं होतं. रोज फाटकाशी थांबून या बाईंशी बोलत होते, पण पावसात त्यांची संध्याकाळ कशी जाते हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

मी गॅलरीत जाऊन इराला फोन केला. घरात जी जी पोरं असतील ती गोळा कर आणि अक्कांकडे ये, आत्ता, एवढंच सांगितलं. आत आले तर अक्का पोह्यांवर झाकण ठेवत होत्या. मी म्हटलं, राहू द्या उघडं.

पोरं जवळच राहतात. खाली फाटक वाजलं आणि जिन्यावर ओल्या पायांची धावपळ सुरू झाली. कोणीतरी घसरलं, कोणीतरी हसलं, इरा सगळ्यांना गप्प करत होती. अक्का झटकन उठल्या, पदराने डोळे पुसले, केस सारखे केले. मग माझा दंड धरून हळूच म्हणाल्या, "त्यांना सांगू नको हां, मी वाट बघत होतो म्हणून."

मी नाही सांगितलं. पोहे मात्र पुरले नाहीत.