कुणाची उजवी?

बंगळुरात मानोजीअण्णांना कुणी पत्ता विचारला तर अण्णा समोरून उत्तर देत नाहीत. आधी ते वळसा घालून विचारणाऱ्याच्या शेजारी येतात. त्याचं तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेला स्वतःचं तोंड करतात, खांद्याला खांदा लावतात, आणि मग म्हणतात, "आता आपण दोघं बी तिकडं बघालोय. सरी, बरोबर? दोन सिग्नल सोड, मग उजवी."

जयनगरात एकदा स्कूटरवरच्या एका बाईंनी त्यांना दवाखाना विचारला. अण्णा वळसा घालून त्यांच्या बाजूला यायला लागले तशा त्या बाई दवाखाना विसरून निघून गेल्या. रिक्षावाल्याने विचारलं तर अण्णा अर्धे रिक्षात शिरतात. फोनवर तर पंचाईतच होते. जेवण घेऊन येणारा माणूस कोपऱ्यावरून विचारतो, "सर, लेफ्ट का राइट?" अण्णा शांतपणे विचारतात, "अगोदर सांग, तुझं तोंड कुठं हाय?" त्या माणसाला वाटतं आपल्याला शिवी दिली. आमचे दोन डबे या प्रश्नापायी परत गेले आहेत.

हा माणूस वेडा आहे असं माझं पहिलं मत होतं. मग तो खडूस आहे असं झालं. मग तो बायकांना कमी लेखतो असं झालं. ही सगळी मतं मी तीन महिन्यांत बदलली, आणि आजही कुणी ठाम विचारलं तर मी घोटाळते.

मी पुण्याची. सिव्हिलची पदवी घेऊन जमीन मोजणाऱ्या एका खासगी कंपनीत बंगळुरात रुजू झाले. तिथल्या शिवाजीनगरात एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. मालक म्हणाले, "तीन महिने अण्णांच्या हाताखाली काढा. अण्णा हो म्हणाले की तुम्ही टीम लीडर. होसूरकडे रस्त्याचं मोठं काम येतंय, ते तुमचं." मी मनात म्हटलं, तीन महिने कशाला, मला एक पुरे.

अण्णांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. स्वतः अण्णा महाराष्ट्रात दोनदाच गेले, आणि दोन्ही वेळा नाराज होऊन परतले. "तिकडं सगळेच मराठी बोलतात की," ते मला म्हणाले. "चारचौघांत बायकोला गुपित सांगायची सोय न्हाई."

आमचं काम थोडक्यात सांगते. तीन पायांच्या तिकाटण्यावर एक यंत्र असतं. एक माणूस त्यातून बघतो. दुसरा माणूस लांब एक उंच काठी धरून उभा असतो, तिच्या डोक्यावर काच असते. यंत्रावरचा फोनवरून सांगतो, काठीवाला सरकतो, आणि नेमकी जागा आली की तिथे खुंटी ठोकायची. यंत्रावरचा माणूस हा लीडर. काठीवाल्याने सांगितलं तेवढं करायचं, आणि काठी सरळ आहे का ते दाखवणारा एक बुडबुडा तिच्या अंगावर असतो तो मधोमध राहील असं बघायचं.

पहिल्या दिवशी मी बेळ्ळंदूरला कामाच्या जागी नवे बूट घालून पोचले. अण्णांनी मला आपादमस्तक बघितलं आणि माझ्या हातात काठी दिली.

मला वाटलं, आजच्यापुरती असेल. दुसऱ्या दिवशीही काठी. महिना झाला, काठी. रिंग रोडच्या दुभाजकावर, दोन्ही बाजूंनी गाड्या, मध्ये मी आणि बुडबुडा. लोक मला महापालिकेची समजत. "मॅडम, रस्ता कधी होणार?" एक आजोबा घराचे कागद घेऊनच आले आणि घर पाडू नका म्हणून शहाळं देऊन गेले. मी घर पाडणार नाही असं सांगून बघितलं, पण हात हलला की बुडबुडा हलतो आणि फोनवर अण्णा म्हणतात, "पोरी, शहाळं नंतर."

त्यांचं सांगणंही विचित्र. "तुझ्या उजव्या हाताला चार बोटं सरक. आता तुझ्या पोटाकडं स्वल्प. तुझ्या डाव्या पायाशी दगड हाय, बघून." दिवसातून दोनशे वेळा तुझ्या, तुझ्या. माझा उजवा हात माझाच असणार, शेजाऱ्याचा कसा असेल?

आमचा नेहमीचा काठीवाला बसवराज. अथणीकडचा, मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच वेगाने बोलणारा. मी काठी धरायला लागल्यापासून त्याला खुंट्या ठोकायचं काम होतं. एकदा मी त्याला सरळच विचारलं, "मी बाई आहे म्हणून अण्णा मला यंत्राला हात लावू देत नाहीत का?"

"न्हाई हो मॅडम," तो म्हणाला. "तुमच्या आधी एक साहेब आलते. त्यांना चार महिने काठी दिली."

"मग?"

"पळून गेले."

"कुठे?"

"बँकेत."

यातून दिलासा घ्यायचा की धसका, ते मला ठरवता येईना.

अडीच महिने झाले आणि एका गुरुवारी अण्णांची अचानक रजा आली. मालकांनी फोन केला, "आज तुम्हीच बघून घ्या." मी यंत्र असं लावलं की जणू मी ते घेऊनच जन्मले होते. बसवराजच्या हातात काठी दिली आणि फोनवर म्हटलं, "उजवीकडे."

"मॅडम, कुणाची उजवी?"

"उजवी म्हणजे उजवी. त्यात कुणाची काय?"

बसवराज मुकाट सरकला. यंत्रावरचा आकडा कमी व्हायला हवा तो वाढला. मला वाटलं, पठ्ठ्या सरकलाच नाही. "अजून उजवीकडे." आकडा आणखी वाढला. "बसवराज, उजवीकडे म्हणतेय मी." माझं सगळं लक्ष आकड्यावर. मान वर करून नुसत्या डोळ्यांनी बघितलं असतं तरी कळलं असतं. पण लीडर झाल्यावर नुसत्या डोळ्यांनी बघणं मला कमीपणाचं वाटलं असावं.

"मॅडम, इथं नाला हाय."

"मग ओलांडा."

थोड्या वेळाने पुन्हा फोन. "मॅडम, इथं एक अज्जी सांडगे वाळत घालालत्यात. पुढं जाऊ का?"

तेव्हा मी मान वर केली. बसवराज माझ्याकडे तोंड करून उभा होता. माझी उजवी ती त्याची डावी, हे पहिलीतल्या मुलाला कळतं. तो त्याच्या उजवीकडे जात जात, नाला ओलांडून, शेजारच्या सोसायटीच्या आवारात काठी घेऊन ताठ उभा होता. बुडबुडा मात्र मधोमध असणार याची मला खात्री होती. त्या दिवशी आमची एकही खुंटी ठोकली गेली नाही.

शुक्रवारी अण्णा आले. सगळं ऐकलं. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते आधी बसवराजकडे वळले. "नाल्यात पाय बिय मुरगळला न्हाई न्हवं?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अजून एक महिना काठी."

होसूरचं काम ठरल्यापेक्षा आधीच, येत्या सोमवारी सुरू व्हायचं होतं. एक महिना म्हणजे होसूर गेलं, ते दुसऱ्या कुणालातरी मिळणार आणि मी दुभाजकावर शहाळी गोळा करत राहणार. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. शनिवारी मी राजीनामा लिहिला. रविवारी तो फोनमध्ये घेऊन, न सांगता, जयनगरला अण्णांच्या घरी गेले. एकदा तोंडावर विचारायचं आणि निघायचं, असं ठरवून गेले होते.

दार अण्णांनीच उघडलं. खांद्यावर टॉवेल, हातात पळी. ऑफिसातल्या कुणाला त्यांनी कधी घरी बोलावलं नव्हतं. मला बघून ते गडबडले, मग आत वळून म्हणाले, "ही आमची लीडर."

आत खिडकीशी अक्का बसल्या होत्या. अण्णांची बायको. अडीच वर्षांपूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. गुरुवारची रजा त्यांना इस्पितळात न्यायची होती. हे सगळं अण्णांनी मला कढईत फोडणी टाकता टाकता चार वाक्यांत सांगितलं.

अक्कांनी डावा हात उचलून कुठेतरी बोट दाखवलं. अण्णा गॅस बारीक करून आले. अक्कांच्या खुर्चीशेजारी वाकले, त्यांच्या डोळ्यांपाशी डोळे नेले आणि बोटाच्या रेषेत बघू लागले. "पडदा? न्हाई. डबा? सरी, सरी." डबा आला. तो चुकीचा निघाला. दुसरा आला. मीठ घालताना अक्कांचं बोट वर असेपर्यंत अण्णा चिमूट चिमूट टाकत होते. ज्या माणसापुढे आमचं ऑफिस चळाचळा कापतं, तो चिमटीत मीठ धरून बायकोच्या बोटाकडे बघत उभा होता. मी राजीनाम्याचं कसं काढायचं ते विसरले.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "अण्णा, तुम्ही स्वतः किती वर्षं काठी धरली?"

"एक दिवस बी न्हाई," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मामा कंपनीत मोठे होते. बाविसाव्या वर्षी मला थेट यंत्रावर उभं केलं. छत्तीस वर्षं म्या नुसता ओरडलो, उजवीकडं जा, डावीकडं जा. लोक नाल्यात गेले, काट्यात गेले. मला वाटायचं लोक बावळट." त्यांनी पळी खाली ठेवली. "घरी बी तेच. हिला बोलता येत होतं तवा हिचं म्या काय बी ऐकलं न्हाई. आता ऐकायला बसलोय, तर हिला बोलता येत न्हाई."

अक्का खिडकीबाहेर बघत होत्या.

"तुला हे कसं शिकवायचं ते मला ठाऊक न्हाई, पोरी. म्हणून काठी दिली. काठीनं येतं का न्हाई, ते बी ठाऊक न्हाई."

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. या माणसाला सगळं माहीत आहे आणि तो मुद्दाम सांगत नाही, असं धरून मी अडीच महिने चिडले होते.

अण्णांनी अक्कांना सारू-भात भरवला. मग मला ताट वाढलं आणि ते उभेच राहिले. अक्कांचं बोट पुन्हा उठलं. या वेळी समोरच्या लाकडी खुर्चीकडे.

अण्णांनी खुर्ची उचलून अक्कांजवळ आणली. बोट तसंच. "स्वल्प मागं?" मागे नेली. बोट तसंच. खिडकीकडे वळवली, टॉवेलने पुसली, मला देऊ केली. मी म्हटलं, मी बसलेय. खुर्ची खोलीभर हिंडली आणि बोट तिच्या मागोमाग. अण्णांना घाम फुटला. "काय गं, कुठं ठेवू?"

मीही ताट ठेवून अक्कांच्या हाताकडे बघत होते. अडीच महिने मी दुसऱ्याच्या सांगण्यावर सरकत होते, दुसरं काही शिकले नव्हते. बोट खुर्चीकडे जात होतं, आणि मग किंचित सरकून अण्णांकडे. पुन्हा खुर्ची. पुन्हा अण्णा.

"अण्णा, खुर्ची हलवू नका," मी म्हटलं. "त्या तुम्हाला बसायला सांगतायत."

"मला? कशाला?"

अक्कांचा हात खाली आला आणि मांडीवर टेकला.

अण्णा बसले. खुर्चीच्या अगदी कडेला, दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखे. ते चटकन तोंड पुसायला लागले आणि टॉवेल बराच वेळ तोंडावरच राहिला. अक्कांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं तसे ते पुन्हा उठायला निघाले. मी म्हटलं, "तुम्ही बसा. ते मला आहे." मी आत जाऊन अण्णांचं ताट आणि सारूचं पातेलं बाहेर आणलं, अक्कांचं बोट वर असेपर्यंत सारू घातला.

अण्णा मान खाली घालून जेवले. भात संपत आला तेव्हा म्हणाले, "उद्या होसूरला यंत्र तू लाव. मालकांना म्या सांगतो. उशीर होईल, तर हिची बहीण रोजच्यापेक्षा जास्त बसंल."

"आणि काठी? बसवराज?"

"काठी म्या धरतो."

ते खरंच बोलत होते. साठी उलटलेला तो माणूस ताटातलं शेवटचं शीत टिपत, थोडा लाजत, मला विचारत होता, "हात लई भरून येतो का गं?"

"पहिले आठ दिवस," मी म्हटलं.