फुंकर अधिकारी, वर्ग तीन

जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातलं दाखले छापणारं यंत्र एका सोमवारी सकाळी बंद पडलं. यात नवल काही नव्हतं. यंत्र एकतीस वर्षांचं होतं आणि ते बनवणारी कंपनी केव्हाच निवर्तली होती. फक्त तिच्या मृत्यूची नोंद व्हायची राहिली होती. पडद्यावर करडे पट्टे हलत होते, खिडकीबाहेरची रांग हलत नव्हती, आणि वरून सूचना येईपर्यंत कोणीही कशालाही हात लावू नये, अशी सूचना देऊन साहेब चहाला गेले होते.

त्या कार्यालयात एक कनिष्ठ लिपिक होता. त्याला सगळे पेंग्विन म्हणत. रंगावरून नव्हे, चालीवरूनही नव्हे. त्याच्या लॅपटॉपवर पेंग्विनचं चित्र होतं आणि आत तेच चित्र मिरवणारी लिनक्स नावाची संगणकप्रणाली होती. लिनक्स फुकट मिळतं, कुणीही ते उघडून आत पाहावं, बिघडलं तर स्वतः दुरुस्त करावं, हे त्यानं जेवणाच्या सुट्टीत इतक्या वेळा सांगितलं होतं, की त्यानं डबा उघडला की शेजारचे आपला डबा घेऊन उठत. घरी त्याच्या कपाटात कपडे कमी आणि जुने व्हिडिओ गेम जास्त होते. माझ्या सवतीला आठच बटणं आहेत, पण नवरा तिच्याच मुठीत, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

तीन वर्षांपूर्वी त्यानं दाखले छापण्याचा अख्खा प्रोग्राम घरी बसून लिहिला आणि कार्यालयाला देऊ केला. त्यावर रीतसर शेरा आला: "सदर वस्तू फुकट असल्याने तिची निविदा काढता येत नाही. निविदा नसल्याने ती स्वीकारता येत नाही. सबब ती अस्तित्वात नाही."

त्या सोमवारी मात्र त्याला राहवलं नाही. यंत्राच्या पाठीमागच्या खाचेत प्रोग्रामची कॅसेट होती, थेट त्याच्या घरच्या गेमच्या कॅसेटसारखी. त्यानं ती ओढून काढली, लहानपणच्या सवयीनं तिच्यावर एक फुंकर मारली आणि परत दाबून बसवली. यंत्र घरघरलं आणि छापू लागलं.

साहेब परत आले. चालू यंत्र पाहून त्यांचा चेहरा पडला, कारण यंत्र बंद असल्याचा अहवाल नुकताच वर गेला होता. कोणत्या नियमाखाली फुंकर मारली, याचा खुलासा तीन दिवसांत करावा, असं पत्र पेंग्विनच्या हातात पडलं.

पेंग्विन पडला सरळमार्गी. त्यानं खरं ते लिहिलं. फुंकरीनं काहीच होत नाही. कॅसेट काढून पुन्हा बसवली की आतले सांधे नीट जुळतात, म्हणून यंत्र चालतं. उलट फुंकरीतल्या ओलाव्यानं गंज चढतो. शेवटी, लिनक्सवरचा आपला प्रोग्राम अजूनही फुकट आहे, असंही त्यानं नम्रपणे सुचवलं.

खुलासा त्रिसदस्यीय समितीकडे गेला. समितीनं तीन महिने अभ्यास केला. कॅसेट ही सीलबंद मालमत्ता, तेव्हा ती बाहेर काढणं नियमबाह्य ठरलं. फुंकर मात्र कशालाच हात लावत नाही आणि तिच्याविरुद्ध एकही नियम सापडत नाही. म्हणून रोज सव्वादहा वाजता, कॅसेट न काढता, एक मीटर अंतरावरून यंत्रावर फुंकर मारावी आणि तशी नोंद वहीत करावी, असं ठरलं. त्यासाठी फुंकर अधिकारी, वर्ग तीन, असं नवं पद निघालं.

बायकोच्या आग्रहावरून पेंग्विननंही अर्ज भरला. अनुभवाच्या रकान्यात त्यानं वयाच्या सातव्या वर्षापासूनच्या फुंकरी लिहिल्या. पण त्या खेळताना मारल्या होत्या, आणि आनंदानं केलेलं काम सेवाकाळात धरत नाहीत. निवड एका निवृत्त ट्रंपेटवादकाची झाली. माणूस भला होता आणि छाती भक्कम होती.

एव्हाना यंत्र रोज सकाळी बंदच सापडू लागलं होतं. रोज सव्वादहाला साहेब हात वर करत, ट्रंपेटवादक फुंकर मारी, यंत्र ढिम्म राही. सगळे चहाला गेले की पेंग्विन गुपचूप कॅसेट काढून बसवी आणि यंत्र सुरू होई. चहानंतर ट्रंपेटवादकाची पाठ थोपटली जाई. फुंकर लागू पडायला दहा मिनिटं का लागतात, असं त्यानं एकदा भाबडेपणानं विचारलं. साहेब म्हणाले की फुंकर मुरावी लागते.

असे चार महिने गेले. मग एके दिवशी साहेब चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परतले आणि पेंग्विन कॅसेटसह सापडला.

"ही काढून घातल्याशिवाय यंत्र चालत नाही, साहेब. रोज मीच चालवतोय," तो म्हणाला.

साहेबांनी दार लोटून घेतलं. "मला माहीत आहे," ते हळूच म्हणाले. "पण आता पद भरलंय. तुम्ही खरे ठरलात तर त्या बिचाऱ्याची फुंकर खोटी, समितीचा अहवाल खोटा, माझी सही खोटी. इतक्या जणांना खोटं पाडण्यापेक्षा तुम्ही एकटे निलंबित झालेले बरे."

पेंग्विन निलंबित झाला. दुसऱ्या दिवसापासून यंत्र बंद पडलं ते पडलंच. कार्यालयानं त्यावर तातडीनं उपाय केला: लोकसहभाग. खिडकीवर पाटी लागली, "आपली फुंकर, आपला दाखला". सव्वादहाला रांगेनंही फुंकर मारायची.

त्याच महिन्यात पेंग्विनला मुलगी झाली. ती रडत होती, दूध पीत होती, बापाचा चष्मा ओढत होती. पण दाखल्यावाचून ती कुठंच जन्मलेली नव्हती. शेवटी तिला खांद्यावर घेऊन तो रांगेत उभा राहिला. रांग सरकत नव्हती, पण पुढचे कंटाळून घरी जात, म्हणून दुपारपर्यंत तो खिडकीशी पोचला. यंत्र खिडकीकडे पाठ करून हाताच्या अंतरावर होतं. खाचेतली कॅसेट त्याला दिसत होती.

पुढं फक्त एक निवृत्त शिक्षिका होत्या, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी आलेल्या. त्याला राहवेना. त्यानं त्यांना आपल्या निलंबनासकट सगळं सांगितलं: फुंकर खोटी आहे, खिडकीतून हात घाला, ती कॅसेट काढा आणि बसवा, झालं.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्याच आठवड्यात एकानं सांगितलं. रांगेत सगळ्यांनाच माहीत आहे. पण आधी हात कोण घालणार? तुम्ही एकदा घातलात ना, काय झालं?"

पेंग्विननं मुलीकडे पाहिलं. मग हाताकडे पाहिलं. त्या हातात चौदा नंबरचं टोकन होतं आणि ते सोडल्याशिवाय हात मोकळा होणार नव्हता. तेवढ्यात आत ट्रंपेटवादकानं छाती भरून घेतली. दुपारची जादा फुंकर त्याच आठवड्यात सुरू झाली होती. बाईंनी गाल फुगवले. क्षणभर थांबून पेंग्विननंही फुगवले.

त्याच्या मागं पंधरा नंबरवर कोण उभं होतं, ते इथं सांगत नाही. ज्याचा त्याला आपला नंबर ठाऊक असतो.