शेवटच्या रांगेतला आवाज

शालन केळुसकर व्यासपीठावर चढली की तिचा आवाज तिला सोडून श्रोत्यांत जाऊन बसत असे. बहुतेक वेळा शेवटच्या रांगेत, भिंतीजवळच्या खुर्चीवर. आवाज दिसत नसे, पण त्या खुर्चीवर कुणी टेकायला गेलं तर हुबेहूब शालनच्या स्वरात "इथे बसलंय कुणीतरी" असं ऐकू येई. मग तो माणूस दुसरीकडे बसे. शालन व्यासपीठावर उभी राहून ओठ हलवी, कुणाला काही ऐकू येत नसे, आणि ती खाली उतरली की पायऱ्यांपाशी आवाज तिच्यात परत येई.

कारवणे गावाला याची सवय झाली होती. बचतगटाच्या सभेत तिच्या नावाचा पुकारा झाला की शिपाई मागे एक खुर्ची जास्तीची टाकत असे. एरवी शालन चांगली बोलणारी बाई होती. घरी, शिवणक्लासात, बाजारात तिच्यापुढे कुणाचं चालत नसे.

अडचण आली ती होडीमुळे. कारवण्याहून खाडीपलीकडच्या बाजाराला जायला पिढ्यान्‌पिढ्या होडी होती. आता खाडीच्या वरच्या अंगाला पूल झाला, बस सुरू झाली, आणि होडी बंद करावी असा प्रस्ताव आला. हरकतीचा अर्ज शालननं लिहिला, कारण गावात तिचं अक्षर चांगलं. सुनावणीत मात्र अर्जदारानं आपलं म्हणणं स्वतः, तोंडी मांडावं, असा नियम निघाला.

पहिल्या सुनावणीला शालन खाडीपलीकडे, तालुक्याच्या हॉलमध्ये उभी राहिली. हातात कागद होता. आवाज शेवटच्या रांगेत होता. सुनावणी अधिकारी वाकणकर बराच वेळ थांबले.

"बाई, आपला आवाज हजर आहे का?"

शालननं मागे बोट दाखवलं.

"मग त्याला बोलायला सांगा."

"मी श्रोत्यांत आहे," आवाज मागून म्हणाला.

वाकणकरांनी नियम पाहिले. श्रोत्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं की अर्जदार व अर्जदाराचा आवाज दोघेही उपस्थित, परंतु एका जागी नाहीत; सबब सुनावणी पुढे ढकलण्यात येते. पुढच्या वेळीही असंच झालं तर निर्णय अर्जाविना होईल, असंही त्यांनी समजावून सांगितलं. माणूस वाईट नव्हता.

गावानं शालनला प्राध्यापक जोगळेकरांच्या वक्तृत्ववर्गाला घातलं. जोगळेकरांनी तिची अडचण नीट ऐकून घेतली.

"आवाजाचं नंतर पाहू," ते म्हणाले. "तो येईल तेव्हा बाकीचं तयार पाहिजे."

त्यांनी तिला दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायला शिकवलं. हात कुठे ठेवायचे, कुठे थांबायचं, नजर कशी फिरवायची, सगळं शिकवलं. शालन मन लावून शिकली. महिनाअखेरीला ती इतकी छान उभी राहू लागली की वर्गातल्या लोकांना तिचं काहीच ऐकू न येता पटायला लागलं. जोगळेकरांनी तिला पहिला नंबर दिला. आवाजानं मागून टाळ्या वाजवल्या असत्या, पण त्याला हात नव्हते.

शालन घरी येऊन रडली.

"वहिनी, त्याला कुणी विचारलंय का?" कुमुद म्हणाली. कुमुद तिची धाकटी नणंद. बालवाडीत शिकवायची, आणि कुठल्याही गोष्टीचं कारण विचारल्याशिवाय तिला राहवत नसे.

"कुणाला?"

"आवाजाला. तो का जातो ते."

"मी कशी विचारणार? तो बाहेर असतो तेव्हा मला बोलताच येत नाही!"

"मी विचारते."

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेचा हॉल रिकामा होता. शालन व्यासपीठावर चढली. कुमुद शेवटच्या रांगेत गेली आणि भिंतीजवळची खुर्ची सोडून शेजारी बसली. आवाजाला अरे म्हणावं की अहो, हे तिला कळेना. शेवटी वहिनीचा म्हणून तिनं अहोच म्हटलं.

"अहो, तुम्ही इथे का येऊन बसता?"

"ऐकायला," आवाज म्हणाला.

"घाबरून नाही?"

"घाबरते ती. मला कंटाळा येतो. ती घरी भाषण लिहिते आणि माझ्याकडून इतक्या वेळा म्हणून घेते की मला ते पाठ होतं. मग इथे येऊन तेच पुन्हा म्हणायचं. त्यापेक्षा समोर येऊन बसावं, लोकांना काय दिसतं ते बघावं. आतून काही दिसत नाही हो."

"मग इथून कशी दिसते वहिनी?"

"चांगली दिसते. पण कागदाकडे बघते. नाहीतर पंख्याकडे. आमच्याकडे बघतच नाही."

"आणि तुम्ही आत थांबावं म्हणून काय करायचं?"

"मला ठाऊक नसलेलं काहीतरी सांगावं तिनं. मला ऐकायला आवडेल."

कुमुदनं हे सगळं शालनला सांगितलं. दोघी चहा घेत विचार करत बसल्या. शालन जन्मात जे जे बोलली होती ते आवाजच बोलला होता. त्याला ठाऊक नाही असं काय उरणार?

"जे कधी बोलली नाहीस ते," कुमुद म्हणाली.

शालननं कप खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या सुनावणीला हॉल भरला होता. शालन वर चढली, आवाज मागे गेला, कुमुद त्याच्या शेजारी बसली. शालननं कागद टेबलावर पालथा ठेवला. तिनं समोर पाहिलं, सरळ शेवटच्या रांगेकडे, आणि ओठ हलवायला सुरुवात केली.

"हे पाठ केलेलं नाही," आवाज कुजबुजला. "काय म्हणतेय ती?"

"मलाही कळत नाही."

आवाज उठून पुढच्या रांगेत गेला. "जरा सरकता का?" तिथले लोक सरकले. तिथूनही कळेना, म्हणून तो आणखी पुढे गेला.

"श्रोत्यांनी जागा बदलू नये," वाकणकर म्हणाले.

"ऐकू येत नाही, साहेब."

वाकणकरांनी विचार केला. "ऐकू येत नसल्यास पुढे यायला हरकत नाही."

आवाज पहिल्या रांगेत आला. मग पायऱ्यांपाशी. शालन थांबली नव्हती. तिचे डोळे भरून आले होते आणि ती आपलं सांगतच होती. "काय? काय म्हणालीस?" असं व्यासपीठावरून ऐकू आलं आणि त्यानंतर लगेच, वाक्याच्या मधूनच, शालन ऐकू येऊ लागली.

"...धक्क्यावरून होडीत पाय ठेवला की सासूबाई बोलायला लागायच्या. घरात आमचा अबोला. एका पितळी डब्यावरून धरलेला, तो त्या जाईपर्यंत सुटला नाही. पण बाजारच्या दिवशी होडीत समोरासमोर बसावंच लागायचं. मग त्या पाण्याकडे बघत सांगायच्या. मी उत्तर दिलं असतं तर अबोला मोडला असता, आणि तो मोडायचा मान मला त्यांच्याकडेच ठेवायचा होता. म्हणून मी नुसती ऐकायचे. पलीकडे उतरलो की पुन्हा गप्प."

वाकणकर लिहून घेत होते.

"त्यांनी मला सांगितलं, की कुमुदच्या वेळी कळा लागल्या तेव्हा त्या याच होडीतून सुईणीकडे निघाल्या, आणि कुमुद खाडीच्या मधोमध झाली. पाण्यावर झालेली मुलगी घरात टिकत नाही असं लोक म्हणतील, म्हणून कुणालाच सांगितलं नाही. होडीवाल्यानंही नाही."

शेवटच्या रांगेत कुमुद उभी राहिली.

"माझ्या दाखल्यावर कारवणे लिहिलंय," ती म्हणाली.

"श्रोत्यांनी बोलू नये," वाकणकर म्हणाले, पण हळू.

"हे मी बसमध्ये ऐकलं नसतं," शालन म्हणाली. "बसमध्ये सगळे पुढे तोंड करून बसतात. आमच्या गावात जे एकमेकांशी बोलत नाहीत, ते कुठे बोलणार? साहेब, मी उत्तर दिलं नाही. पण ऐकायला मिळालं."

तिनं कागद उचलला आणि काही न वाचता खाली उतरली. पायऱ्यांवर तिला कुणी भेटलं नाही. आवाज आधीच तिच्यात होता.

वाकणकरांनी चष्मा पुसला आणि निर्णय सांगितला. पुलावरून समोरासमोर बसून जाण्याची सोय नाही, ही बाब ग्राह्य धरण्यात येते. होडी सुरू राहील. कुमुदच्या जन्मस्थानाबाबत वेगळा अर्ज करावा, असंही त्यांनी सुचवलं.

दोघी संध्याकाळच्या होडीनं घरी निघाल्या. होडीत त्या दोघी आणि होडीवाला रघू तांडेल, एवढेच. कुमुद समोर बसली. बराच वेळ ती पाण्यात बोटं बुडवून पाहत होती.

"मधोमध म्हणजे कुठे गं?" तिनं विचारलं.

"ते नाही सांगितलं त्यांनी."

कुमुदनं बोटं पदराला पुसली. "वहिनी, बाजारातून घरी आल्यावर आई चुलीपाशी बसायची आणि तुझ्याबद्दल बोलायची. दर वेळी. मी तुला कधी सांगितलं नाही."

शालननं काहीतरी विचारायला तोंड उघडलं. पण तिचा आवाज तेवढ्यात उठून कुमुदच्या बाजूला जाऊन बसला होता. होडी त्या अंगाला कलली. रघूनं वल्हं थांबवलं.

"त्याला मध्ये बसायला सांगा, वहिनी. भरती लागलीय."

शालनला बोलता येत नव्हतं. म्हणून कुमुदच उठली आणि वहिनीच्या शेजारी येऊन बसली. होडी सरळ झाली. रघू पुन्हा वल्हवू लागला, आणि कुमुद समोरच्या रिकाम्या फळीला आणि शेजारच्या वहिनीला दोघांनाही ऐकू जाईल असं सांगू लागली.