जिंकला, पण कोणाशी?

माझी बायको पहिल्याच फटक्यात ड्रायव्हिंग टेस्ट पास झाली, तेव्हा मी लंडनजवळच्या इल्फर्डहून पेढे आणून ऑफिसात वाटले. सगळे काँग्रॅट्स म्हणाले. खानझोडेकाकांनी पेढा हातात धरून विचारलं, "गोल चौक, राउंडअबाउट किती लागले?"

"दोन."

"पाऊस?"

"नव्हता."

"अच्छा," म्हणाले, आणि अर्धाच पेढा मोडून खाल्ला, अर्धा परत डब्यात ठेवला.

त्याच आठवड्यात ऑफिसातली रूपाली त्याच टेस्टमध्ये तिसऱ्यांदा नापास झाली. काका तिच्या डेस्कपाशी गेले, तीच चौकशी केली आणि म्हणाले, "पाच राउंडअबाउट, अन् वरून पाऊस! बाप्पा! हा अर्धा विजय धरला पाहिजे पोरी." रडवेली रूपाली खुदकन हसली. मी मात्र डब्यातला तो उरलेला अर्धा पेढा रागानं खाल्ला.

दिवाकर खानझोडे मूळचे नागपूरचे. वय पन्नाशीपलीकडे, सडाफटिंग, इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या आमच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायला. इथं येण्याआधी दोन वर्षं ते अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजच्या गावात होते. तिथं हेल्मेट घालून, लांबोडक्या चेंडूनं खेळतात ते फुटबॉल. शनिवारी अख्खं गाव एका रंगाचे शर्ट घालून स्टेडियमवर जायचं, आणि काका घरी कपडे धुवायचे.

खेळ त्यांनी धड पाहिलाच नाही. त्यांचा जीव जडला तो भांडणावर. भांडण असं, की कॉलेजं शंभराच्या वर, पण प्रत्येकाच्या वाट्याला मॅचेस अकरा-बारा. म्हणजे बहुतेकांची एकमेकांशी गाठच पडत नाही. आणि शेवटी फायनलला दोनच टीम! कुठल्या दोन? कोच मतं देतात, पत्रकार मतं देतात, कॉम्प्युटर आकडेमोड करतात, आणि तरी सगळा देश ओरडतो की हे बरोबर नाही, नीट प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी घ्या.

काकांनी स्वतःचा फॉर्म्युला बनवला. तू किती जिंकला याला मार्क थोडे. ज्यांच्याशी खेळला ते किती जिंकले, आणि ते ज्यांच्याशी खेळले ते किती जिंकले, याला जास्त. मोठ्या फरकानं हरवलं तरी वीस पॉइंटांच्या पुढं ते काही मोजत नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पडलेल्याला अजून किती मारशील?" सीझनमध्ये दर रविवारी सकाळी, आम्ही लोळत असताना, ब्रॅकनेलच्या एका फ्लॅटमध्ये हा माणूस ओहायो आणि अलाबामाचे स्कोअर एक्सेलमध्ये भरत असायचा. कशासाठी, हे मला काही केल्या कळेना.

मग आला आमच्या मराठी मंडळांच्या क्रिकेटचा उन्हाळा. नऊ गावांच्या नऊ टीम. निम्म्या मॅचेस पावसानं धुतल्या. कुणी पाच खेळलं, कुणी तीनच. फायनलला कुठल्या दोघांनी जायचं हे ठरवायचं काम सर्वानुमते काकांकडे गेलं, कारण त्यांच्या हातात बॅट कुणी कधी पाहिली नव्हती.

मी ब्रॅकनेलचा कॅप्टन. आम्ही पाचपैकी पाच जिंकलेलो. शिवाय माझे बाबा पुण्याहून आलेले. शाळेत असताना त्यांनी माझी एकही मॅच पाहिली नव्हती, कायम कारखान्याची शिफ्ट आडवी यायची. फायनल रविवारी आणि त्यांचं परतीचं विमान मंगळवारी. बाबांच्या डोळ्यांदेखत एकदा तरी खेळायचं, बाकी मला काही नको होतं.

शुक्रवारी काकांची ईमेल आली. पहिलं इल्फर्ड. दुसरं बेसिंगस्टोक, दोन मॅचेस हरलेलं! तिसरे आम्ही.

शनिवारी सकाळी मी तणतणत त्यांच्या दारात. "काका, तुम्ही ब्रॅकनेलचे ना? पाचच्या पाच जिंकलोय आम्ही!"

"जिंकला रे, पण कोणाशी?" काका चहा गाळत म्हणाले. "तळाच्या टीमशी, अन् त्यातही स्विंडनशी. ते आठच जण आले होते. एक फील्डर तू उसना दिला, अन् त्यांच्यात तोच सर्वात बरा खेळला. बेसिंगस्टोकनं इल्फर्डला हरवलं आहे."

"बाबा आलेत माझे," मी म्हणालो.

काकांनी गाळणी खाली ठेवली. मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. कॉलेजांच्या शीटच्या शेजारी आणखी एक शीट होतं. नाव होतं 'घर'. टीम दोन, प्रभाकर आणि दिवाकर.

दिवाकरपुढं व्हिसा, जिंकला. प्रमोशन, जिंकला. फ्लॅट, जिंकला. प्रभाकरपुढं दुकान, हरला. दुसरं दुकान, हरला. बाबांचा लकवा, नऊ वर्षं. आईचं विसरणं, चालू आहे. आणि क्रमांक? पहिला प्रभाकर, दुसरा दिवाकर.

"धाकटा माझा," काका म्हणाले. "नागपुरात लोक त्याला म्हणतात, भाऊ पाहा कुठं पोहोचला, अन् तू? हा नुसता हसतो. मी सोप्या टीमशी खेळलो रे. कठीण मॅचेस सगळ्या त्याच्यावर टाकून आलो."

"त्याला सांगितलंत हे?"

"फॉर्म्युला आधी पक्का पाहिजे ना. दादा मायेनं म्हणून राहिला, असं वाटायला नको त्याला. म्हणून शंभर कॉलेजांवर तपासून राहिलो."

"किती वर्षं?"

"सहा."

माझा राग कुठल्या कुठं गेला आणि दुसराच राग आला. "काका, पुरे झालं टेस्टिंग! फोन करा त्याला!"

रविवारी फायनल झाली. बाबा आणि मी सीमारेषेबाहेर घडीच्या खुर्च्यांवर. बाबांनी विचारलं, "तू का नाहीस?"

"माझं शेड्यूल सोपं होतं, बाबा."

"मग पुढच्या वर्षी अवघड घे," बाबा म्हणाले. "मी येतो पाहायला." मी त्यांच्या कपात थर्मासमधला चहा ओतला.

दोन डावांच्या मध्ये स्कोअर लिहिणारे काका खिशातलं भारतात स्वस्तात फोन करायचं कॉलिंग कार्ड आणि मोबाइल काढून कुंपणापाशी गेले. बराच वेळ पाठमोरे उभे होते. परत आले तेव्हा बेसिंगस्टोकचे ओपनर पिचकडे निघाले होते. मी उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

"सांगितलं?"

"सांगितलं. म्हटलं, प्रभाकर, सगळा हिशोब केला, तू पहिला आला."

"मग?"

"म्हणे, अन् दादा, तू कितवा? म्हटलं, दुसरा." काका पेन्सिलीच्या टोकाकडे पाहत राहिले. "तर म्हणे, मग फायनल तर आपल्या दोघांतच आहे. ये ना घरी, खेळू."

त्या स्कोअरबुकात दुसऱ्या डावाची पहिली दोन षटकं कोरी आहेत. इल्फर्डवाल्यांनी नंतर गिल्ला केला, तेव्हा काका म्हणाले की पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. टोक काही मोडलं नव्हतं. मी शेजारीच बसलो होतो.