साठांतले नव्याण्णव डबे

भांडण कागदावर मिटवायचं, असं मी ठरवलं. तोंडी मिटवलं असतं तर माझं नाक शाबूत राहिलं असतं.

मी मंजुळाबाई. चौथी पास, पुढचं सगळं स्वतःच्या डोक्यानं. मोबाइलसुद्धा कुणाकडून शिकले नाही (पहिल्याच दिवशी फोन पोलिसांना लागला, पण बोलले मी व्यवस्थित). चाकणच्या एका कंपनीला डबे देते. रविवार सोडून रोज, दोन शिफ्ट मिळून साठ. स्वयंपाक सुमनताईचा. ती हिंगोलीची, बारा वर्षं माझ्याकडे आहे. शुक्रवारी तिला सुट्टी, त्या दिवशी मी रांधते.

न खाता परत आलेले डबे मी रोज वहीत लिहिते. वर वार, भाजी आणि रांधणारीचं नाव, खाली पहिल्या शिफ्टचा आकडा, शेजारी दुसऱ्या शिफ्टचा. लिहायची सवय आहे. मागं जाऊन वाचायची कधी वेळ आली नव्हती.

ती वेळ आणली कंपनीत डब्यांचं बघणाऱ्या रंगरावनं. दारात उभा राहूनच म्हणाला, "मावशी, पोरं डबे तसेच परत पाठवतात. महिनाअखेर सुधारलं नाही तर मी दुसरी मेस बघणार."

तो गेला आणि मी आत वळले. "सुमन, तुझा हात बिघडलाय."

"बारा वर्षांत नाही बिघडला, तो आताच कसा बिघडला बाई?"

"ते वही सांगंल."

"सांगू द्या की. वहीनं माझं नाव घेतलं तर एक तारखेला मी हिंगोलीची गाडी धरते."

माझी नात सायली ताथवड्याला इंजिनीअरिंग शिकते. दिवाळीत तिनं मला एक सॉफ्टवेअर दाखवलं होतं. वहीच्या पानांचे फोटो घातले की त्याचा तक्ता होतो आणि तक्त्याचा ग्राफ. ती म्हणाली होती, "आजी, तुझ्या वहीला एकच बाजू नाही. वार आहे, शिफ्ट आहे, भाजी आहे, रांधणारं कोण ते आहे. तू म्हणशील ती बाजू समोर येते."

"म्हंजे वांगं फिरवून फिरवून कीड बघायची."

"तेच."

मग तिला पुन्हा कशाला विचारायचं? चार महिन्यांची पानं मी एकटीनं घातली. ग्राफ आला. सुमनताईच्या वारांना माण गावातल्या उंच टॉवरांसारखे खांब, आणि शुक्रवारी सपाट जमीन. शुक्रवारी शून्य. मी त्याची रंगीत प्रिंट काढली आणि मसाल्याच्या डब्यांवरच्या भिंतीला चिकटवली. एवढ्या गंभीरपणानं मी सासऱ्यांचा फोटोही लावला नव्हता.

सुमनताईनं हात पुसले आणि प्रिंट खालपासून वरपर्यंत वाचली.

"बाई, मंगळवारी नव्याण्णव डबे परत आले?"

"ग्राफ खोटं बोलत न्हाई."

"आपले जातात साठ."

मी बोट लावून खांब पुन्हा मोजला.

"वरचे एकोणचाळीस कुणी पाठवले?"

"शेजारच्या मेसचे आले असतील," मी म्हणाले. (माणूस बुडताना काडीही धरतो.)

रविवारी सायली आली. तिनं वही पाहिली, प्रिंट पाहिली आणि ओढणी तोंडाला लावली. "आजी, तू मराठी आकडे लिहितेस. तुझा १ त्याला इंग्रजी नऊ वाटला. दोन शिफ्टचे दोन एक शेजारी, त्याचे झाले नव्याण्णव."

"आणि शुक्रवारचं शून्य?"

"तिथं तू आठ लिहिलेत. तुझा ८ म्हणजे नुसती वाकडी रेघ समजून त्यानं सोडून दिला."

"साठ वर्षं मी आठ असाच काढते."

"आठ बरोबर आहे गं. पण आठ आणि आठ सोळा डबे दर शुक्रवारी परत येतायत."

सुमनताई वहीवर वाकली होती. दर शुक्रवारी मी समासात काहीतरी लिहिलेलं होतं. ते तिनं मोठ्यानं वाचलं. "उपवास असेल." पान उलटलं. "उपवास असेल." चार महिने पोरांना मी उपाशी ठेवलं होतं, तेही संकष्टी नसताना.

सायलीनं आकडे दुरुस्त केले. सुमनताईचे खांब जमिनीला टेकले आणि शुक्रवार उभा राहिला.

"भाजी बदलून बघ," मी म्हणाले. सायलीनं ग्राफला मटकी लावली, शेवगा लावला, बटाटा लावला. शिफ्टही बदलून पाहिली. शुक्रवार जागचा हलला नाही. वांगं कुठूनही फिरवा, कीड मीच.

भिंतीवरची प्रिंट मी स्वतःच्या हातानं उतरवली. सुमनताईला म्हटलं, "सुट्टी रविवारी घे, रविवारी डबे नसतात. शुक्रवारी तूच रांध." तिनं हिंगोलीचं नाव काढलं नाही, मीही नाही.

महिनाअखेरच्या शुक्रवारी रंगराव आला. "मावशी, शुक्रवारचं जेवण एकदम सुधारलं. आता बसला बघा तुमचा हात. डबे चालू ठेवतो."

"व्हय," मी म्हणाले. आत कांदा चिरायचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी वही उघडली. शुक्रवारचे आकडे सुमनताईनं आधीच लिहून ठेवले होते, १ आणि १. समासातही तिच्या गोल अक्षरात एक ओळ होती:

'आज बाईंचा उपवास. रांधण्याचा.'