पारोळ्यातली स्वस्ताई

हितेंद्रची नोकरी भाव विचारायची होती, विकत घ्यायची नव्हे. दर महिन्याला पारोळ्याच्या आठवडे बाजारात जायचं, ठरलेल्या वस्तूंचे भाव साध्या गिऱ्हाइकासारखे विचारायचे आणि धुळ्याच्या ऑफिसला कळवायचे. गावोगावचे असे भाव एकत्र करूनच वरचे लोक महागाई किती वाढली ते ठरवतात. आपण सरकारी माणूस आहोत हे सांगायचं नाही, असं ऑफिसनं बजावलेलं. नोकरी कंत्राटी, लग्न नुकतंच झालेलं, त्यामुळे पठ्ठ्या नियमाच्या रेसभरही बाहेर जात नव्हता.

तरी घोळ व्हायचा तो झालाच. भरताची वांगी सगळीकडे महागत चाललेली आणि हितेंद्रच्या आकड्यांत मात्र साठाची पन्नास, पन्नासाची चाळीस करत तिसावर आलेली. सारिका मॅडमनी धुळ्याहून फोनवर झापलं. घरी पंख्याखाली बसून आकडे ठोकता काय? मी स्वतः येते, आणि आकडा खोटा निघाला तर कंत्राट संपलं म्हणून समजा. हितेंद्रला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बाजारच्या दिवशी मॅडम एस.टी.तून उतरल्या त्या लंगडतच. गर्दीत चपलेचा अंगठा तुटलेला. तशाच पाय ओढत त्या हितेंद्रला घेऊन वांगी विकणाऱ्या भिकुबाईपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी भाव विचारला. भिकुबाईनं आधी चपलेकडे पाहिलं, मग हितेंद्रकडे, आणि सुस्कारा सोडला.

"पंचवीस, बाई."

मॅडम चाटच पडल्या. मेथीवाली, टमाट्यावाला, सगळीकडे तीच तऱ्हा. शेवटी चहाच्या टपरीवर त्यांनी हितेंद्रची माफी मागितली, पंचवीसचा आकडा स्वतःच्या सहीनं नोंदवला आणि कंत्राट वर्षभर वाढवत असल्याचं सांगून टाकलं. हितेंद्रला आनंदानं काय करू नि काय नको झालं. बायकोला, कामिनीला, फोन लावला तर ती म्हणाली, मग आज भरीतच करू, वांगी आणा. मॅडमलाही मोह झाला. इतकी स्वस्त वांगी धुळ्यात कुठली?

दोघं पुन्हा भिकुबाईकडे आले. हितेंद्रनं पिशवी पुढे केली.

"अक्का, दोन किलो द्या. नोकरी पक्की झाली माझी."

भिकुबाईचा चेहरा फुलला. तिनं निवडून वांगी तोलली, वर दोन जास्तीची टाकली. "साठना भाव शे, भाऊ. एकशे वीस दे."

मॅडम पुढे सरसावल्या. "अहो, मघाशी पंचवीस म्हणालात ना?"

"तो भाव ह्या पोऱ्यानी दया येस म्हनीसन व्हता, बाई. दर महिनाले येस, भाव ईचारस, नि पैसा नही म्हनीसन काही न लेता चालना जास. मेथीवाली, टमाट्यावाला, बठ्ठा बाजार ह्याले कमीच सांगस. आते नोकरी लागनी, मंग खरा भाव."

हितेंद्रनं डोळे मिटून घेतले. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या सहीकडे, आणि फसलेल्यांत आपणही आहोत हे ध्यानात येऊन त्यांना हसू फुटलं. कंत्राट राहील, त्या म्हणाल्या, पण पुढच्या वेळेपासून आधी पावशेर घ्यायचं आणि मग लिहायचं. त्यांनी पंचवीस खोडून साठ लिहिले आणि आपल्याही किलोभर वांग्यांच्या पैशांसाठी त्या पिशवीत पर्स चाचपू लागल्या.

पर्स लवकर सापडेना. भिकुबाईची नजर पुन्हा त्या चपलेवर गेली.

"राहू द्या, बाई. तुमले पन्नास."

"नको हो," मॅडमनी हात जोडले. "पाया पडते तुमच्या, साठच घ्या."

भिकुबाई पंचावन्नवर अडून बसली.